अपघातानंतरची पहिली दहा मिनिटं: ॲम्ब्युलन्सवरच्या माणसांना नेमकं काय शिकवतात

प्रशिक्षणाच्या पहिल्या सकाळी मी नेहमी एकच प्रसंग उभा करते. हॉलच्या मधोमध मोटरसायकल आडवी टाकलेली, शेजारी एक मुलगा निपचित पडलेला. त्याच्या पँटचा डावा पाय फाडून ठेवलेला असतो, नडगीवर लाल रंग फासलेला आणि त्यातून वर आल्यासारखं दिसणारं, खाटकाकडून आणलेलं हाड चिकटवलेलं. बाहेरून डॉक्टर आणि पायलट अशी जोडी धावत येते. (१०८ च्या गाडीवर ड्रायव्हरला पायलट म्हणतात.) बहुतेक जोड्या थेट पायाशी बसतात. स्प्लिंट (मोडलेलं हाड स्थिर धरणारी पट्टी) शोधतात, बँडेज उलगडतात, पाय सरळ कसा करायचा यावर आपसात बोलतात. तोवर तो मुलगा, आधी सांगून ठेवल्याप्रमाणे, घशातून घर्र घर्र आवाज काढत असतो. हळूहळू तो आवाज बारीक करतो आणि मग बंद करतो. कोणाचंच तिकडे लक्ष नसतं. थोड्या वेळाने मी म्हणते, "पेशंट गेला."

पाय मोडलेला होता, यात खोटं काही नाही. पण त्या जखमेतून रक्ताची धार लागलेली नव्हती, आणि नुसत्या मोडलेल्या नडगीने माणूस चार मिनिटांत जात नाही. जीभ मागे पडली किंवा तोंडात रक्त साचून श्वास अडला, तर जातो. डोळ्यांना आधी भयंकर दिसतं ते आधी मारणारं असेलच असं नाही. अपघाती जखमींवरच्या उपचारांचं सगळं प्रशिक्षण या एका गोष्टीभोवती फिरतं: नजर जाईल तिथे हात जाऊ द्यायचा नाही. हात ठरलेल्या क्रमानेच चालला पाहिजे.

हा क्रम आला कुठून?

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, फेब्रुवारी १९७६ मध्ये. जेम्स स्टायनर नावाचे अस्थिरोगतज्ज्ञ स्वतःचं छोटं विमान चालवत कुटुंबासह घरी निघाले होते. रात्रीच्या वेळी विमान शेतात कोसळलं. पत्नी जागीच गेली. चार मुलांपैकी तिघं गंभीर जखमी होती. स्टायनर स्वतः जखमी होते, तरी त्यांनी मुलांना सांभाळलं, रस्त्यावर गाडी थांबवली आणि जवळच्या गावातलं इस्पितळ गाठलं. तिथे जी शुश्रूषा मिळाली ती पाहून ते हादरले. तिथली माणसं वाईट नव्हती. गंभीर जखमीला आधी काय करायचं हे त्यांना कोणी शिकवलेलंच नव्हतं. शेतात हाताशी काही नसताना मी जे करू शकलो त्याहून कमी जर इस्पितळात होत असेल, तर व्यवस्थाच बदलायला हवी, असं त्यांनी नंतर म्हटलं. लिंकन शहरातल्या सहकाऱ्यांना घेऊन ते कामाला लागले. १९७८ मध्ये नेब्रास्कातल्याच ऑबर्न गावी पहिला वर्ग भरला आणि १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो अभ्यासक्रम देशभर स्वीकारला. हाच ॲडव्हान्स्ड ट्रॉमा लाइफ सपोर्ट, म्हणजे एटीएलएस. (इथे ट्रॉमा म्हणजे शरीराला झालेल्या अपघाती जखमा.) भारतात तो २००९ मध्ये दिल्लीतल्या एम्सच्या ट्रॉमा सेंटरमधून सुरू झाला.

इथे एक गोंधळ दूर करते, कारण नोकरीच्या जाहिराती वाचून अनेक जण विचारतात. एटीएलएस हा इस्पितळातल्या डॉक्टरांसाठीचा अभ्यासक्रम आहे. वर छत, हाताशी नर्स, शेजारी एक्स-रे असं त्यात गृहीत धरलेलं असतं. रस्त्यावर काम करणाऱ्यांसाठी त्याच विचारावर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळा अभ्यासक्रम तयार झाला. तो पीएचटीएलएस, म्हणजे इस्पितळात पोहोचण्याआधीची ट्रॉमा शुश्रूषा. ॲम्ब्युलन्सवरच्या माणसांनी करायचा तो हा. त्याच काळात अलाबामात सुरू झालेला आयटीएलएस हा त्याचाच भाऊ म्हणा. आणि गाडीवर 'एएलएस' लिहिलेलं असतं तो तिसराच प्रकार; त्या अक्षरांचा अर्थ गाडीत व्हेंटिलेटर, मॉनिटर, डिफिब्रिलेटर अशी यंत्रं आहेत इतकाच. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ एएलएस आणि ७०४ बीएलएस, म्हणजे मूलभूत सोयींच्या. प्रत्येक गाडीवर डॉक्टर, हे आपल्या सेवेचं वैशिष्ट्य. जगात बऱ्याच ठिकाणी गाडीवर पॅरामेडिक असतात, डॉक्टर नसतात. पण गाडीवर एएलएस लिहिल्याने आतल्या माणसाला ट्रॉमा हाताळता येतो असं होत नाही. आणि डॉक्टरकीच्या पदवीनेही होत नाही. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते, कारण पदवी हातात आली तेव्हा हेल्मेट कसं काढायचं हे मला माहीत नव्हतं.

गाडीतून उतरण्याआधी

पहिला धडा पेशंटचा नाही, स्वतःचा आहे. घाटात वळणावर टँकर उलटला आहे, मागून गाड्या येतायत, रस्त्यावर डिझेल सांडलंय. अशा वेळी गाडी कुठे उभी करायची हे पायलट ठरवतो, आणि ते ठरवण्यावर चौघांचे जीव असतात. वरच्या अंगाला, दिवे लावून, थोडी तिरकी, म्हणजे मागून कोणी धडकलंच तर पेशंटवर येऊ नये. विजेची तार खाली आली आहे का, टँकरमधून वास येतोय का, किती जखमी आहेत, आणखी गाडी मागवायची का. हे सगळं दार उघडायच्या आत बघायचं. तरुण डॉक्टरांना हा धडा कंटाळवाणा वाटतो. जुन्या पायलटना वाटत नाही.

मग क्रम सुरू होतो. पूर्वी तो ए-बी-सी-डी-ई असा शिकवत: श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, मेंदू, आणि कपडे काढून पूर्ण तपासणी. आता त्याच्या आधी एक एक्स लावतात: भळाभळा वाहणारं रक्त. हा बदल युद्धभूमीवरच्या अनुभवातून आला. मांडीची मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत रिकामा होतो, आणि तोवर तुम्ही त्याच्या तोंडात सक्शन (रक्त, थुंकी ओढून घेणारी नळी) घालत बसलात तर शेवटी श्वासमार्ग मोकळा असतो आणि फिरवायला रक्त नसतं.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. पाऊण लिटर गेलं तरी तो बोलतो, उठायचं म्हणतो. दीड लिटरच्या आसपास जाईपर्यंत रक्तदाब बऱ्याचदा जागेवर असतो, कारण शरीर रक्तवाहिन्या आवळून आणि हृदय पळवून तो धरून ठेवतं. दाब पडतो तो त्यानंतर, आणि पडतो तेव्हा धाडकन पडतो. म्हणून आम्ही शिकवतो की रक्तदाबाच्या आकड्यावर विसंबू नका. हात लावून बघा. तळवा गार आणि ओलसर आहे का? नाडी पळतेय का? नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत लाली परत येते का? माणूस उगाच चिडतोय, हातपाय झाडतोय का? "दारू प्यायलाय, म्हणून आरडाओरडा करतोय" असं म्हणून बाजूला ठेवलेला माणूस पुष्कळदा मेंदूला रक्त कमी पडल्यामुळे ओरडत असतो.

वाहतं रक्त थांबवायला आधी थेट दाब. दोन्ही हातांनी, कोपर ताठ ठेवून, अंगाचं वजन टाकून. जखम खोल असेल तर गॉज बोटाने आतवर कोंबायचा, अगदी तळापर्यंत, आणि मग दाबायचं. यासाठी मी मांसाच्या तुकड्यात सुरीने खाच करून आतून सलाईनची नळी ओवते आणि लाल पाणी सोडते. पहिल्यांदा सगळे वरवर बँडेज ठेवतात आणि पाणी बाजूने येतच राहतं. बोट आत घालायला मन धजत नाही. चौथ्या-पाचव्या वेळी बोट जातं, आणि पाणी थांबतं तेव्हा समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघण्यासाठी मी ही सगळी उठाठेव करते.

हातापायाचं रक्त दाबून थांबत नसेल तर टुर्निके. हा रुंद पट्टा जखमेच्या दोन-तीन इंच वर बांधायचा, सांध्यावर नाही, आणि त्याची दांडी रक्त थांबेपर्यंत पिळायची. पेशंट कळवळतो. इथे बरेच जण हात सैल सोडतात, आणि तसं केल्याने नुकसान वाढतं: अर्धवट आवळलेल्या पट्ट्याने शिरा बंद होतात, धमनी चालूच राहते, रक्त उलट जास्त वाहतं. बांधल्याची वेळ पट्ट्यावर लिहायची. "पाय कापावा लागेल" ही भीती आपल्याकडे खोल बसलेली आहे. साधारण दोन तासांच्या आत इस्पितळ गाठलं तर केवळ पट्ट्यामुळे पाय जाण्याची शक्यता फार कमी असते. बारीक दोरी किंवा तार मात्र कधीच नको. ती कातडी आणि नसा कापते.

छातीतली हवा

श्वासमार्ग मोकळा करण्याबद्दल थोडक्यात सांगते: मान न वाकवता जबडा दोन्ही हातांनी पुढे ओढायचा, सक्शनने तोंड साफ करायचं, गरज पडली तर नळी किंवा बॅग-मास्क (तोंडावर धरून, फुगा दाबून श्वास द्यायचं साधन). बेशुद्ध माणसाच्या बाबतीत बॅग-मास्क नीट वापरता येणं हे घशात नळी टाकण्याहून जास्त कामाचं कौशल्य आहे, आणि ते दिसतं त्याहून कितीतरी अवघड आहे. दोघांनी मिळून करावं: एकाने दोन्ही हातांनी मास्क धरायचा, दुसऱ्याने बॅग दाबायची.

छातीबद्दल जरा सविस्तर, कारण इथे एक सुई माणूस परत आणते. फुफ्फुसाला भोक पडलं की हवा फुफ्फुसाबाहेर, छातीच्या पोकळीत साठू लागते. कधी कधी हे भोक एकेरी झडपेसारखं वागतं: प्रत्येक श्वासाला हवा पोकळीत जाते, बाहेर येत नाही. दाब वाढत जातो, फुफ्फुस चेपतं, आणि पुढे हृदयाकडे परत येणाऱ्या मोठ्या शिराही चेपतात. हृदय धडधडतंय, पण त्यात रक्तच येत नाही. पेशंटला धाप लागलेली, एका बाजूला स्टेथोस्कोप ठेवला तर आवाज नाही, टिचकी मारली तर ढोलासारखा पोकळ नाद, मानेच्या शिरा फुगलेल्या, दाब कोसळतोय. याला टेन्शन न्यूमोथोरॅक्स म्हणतात आणि याचं निदान एक्स-रेवर करायचं नसतं, कारण तेवढा वेळ नसतो. जाड, लांब सुई छातीत घालून हवा बाहेर काढायची. पूर्वी ती गळ्याच्या हाडाखाली, दुसऱ्या बरगडीच्या खालच्या फटीत घालत. मोठ्या माणसांत तिथे छातीची भिंत अनेकदा जाड असते आणि सुई पोकळीपर्यंत पोहोचत नाही, म्हणून २०१८ पासून एटीएलएसने मोठ्यांसाठी काखेच्या मध्यरेषेच्या किंचित पुढे, चौथ्या-पाचव्या फटीची जागा सांगितली. सुई नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला धरून घालायची, कारण प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात.

हे आम्ही बोकडाच्या बरगड्यांवर शिकवतो. सकाळी खाटकाकडून पूर्ण बाजू आणायची, मागे हवा भरलेला हातमोजा लावायचा. सुई बरोबर गेली की फुस्स आवाज येतो. पुतळ्यावर बोटांना बरगडी कळत नाही, इथे कळते.

सलाईन का नाही लावली?

हा प्रश्न प्रत्येक ॲम्ब्युलन्स डॉक्टरने नातेवाइकांकडून ऐकलेला आहे. आपल्याकडे सलाईन म्हणजे उपचार. अशक्तपणा आला, सलाईन. ताप आला, सलाईन. मग रक्ताच्या थारोळ्यात पडलेल्याला ती लावलीच पाहिजे, असं वाटणं स्वाभाविक आहे. माझ्या शिक्षणाच्या काळात आम्हालाही तसंच सांगितलं होतं: दोन मोठ्या सुया, दोन बाटल्या, धो धो सोडा.

आता तसं शिकवत नाहीत. शेतकऱ्याला हे चटकन कळेल. पाटाला भगदाड पडलंय, तुम्ही माती टाकताय, ती जरा कुठे धरू लागलीय, आणि तेवढ्यात वरून कोणी पाणी वाढवलं. माती वाहून जाते. पोटात किंवा छातीत रक्तस्राव होत असेल तर तिथे शरीर गुठळी धरायचा प्रयत्न करत असतं. बाटल्यांनी दाब वाढवला की गुठळी सुटते. शिवाय सलाईनमध्ये रक्त गोठवणारं काहीच नसतं, त्यामुळे उरलेलं रक्त पातळ होतं. आणि ती गार असते. अंग गार पडलं, रक्तात आम्ल वाढलं आणि रक्त गोठायचं थांबलं, की हे तिघं एकमेकांना खाली ओढत नेतात. म्हणून पुण्याच्या मे महिन्यातसुद्धा आम्ही जखमीला तपासून झाल्यावर ब्लँकेटने झाकायला आणि गाडीचा एसी बंद करायला सांगतो. घामाघूम झालेल्या डॉक्टरला ते पटत नाही, पण ज्याच्या अंगातलं दोन लिटर रक्त गेलंय त्याला थंडी वाजत असते.

मग द्रव द्यायचाच नाही का? द्यायचा, पण मोजून: थोडा थोडा, वरचा दाब ८० ते ९० च्या आसपास राहील इतकाच, आणि गाडी थांबवून ठेवून नाही, चालत्या गाडीत. डोक्याला मार असेल तर हा नियम बदलतो. जखमी मेंदूला दाब लागतो. त्याचा दाब एकदा जरी ९० खाली गेला किंवा ऑक्सिजन कमी पडला तरी मृत्यूचा धोका खूप वाढतो. तिथे दाब ११० च्या आसपास ठेवायचा. डोकं फुटलंय आणि पोटातही रक्तस्राव आहे, असा पेशंट आला तर दोन नियमांची ओढाताण होते. तिथे डोक्याला झुकतं माप, असं मी शिकवते.

याच संदर्भात, धरलेली गुठळी टिकवणारं एक स्वस्त औषध. ट्रानेक्झॅमिक ॲसिड. अनेक बायकांना पाळीत जास्त रक्त जात असताना ज्या गोळ्या देतात, त्यातलंच. जपानच्या उताको ओकामोटो आणि त्यांच्या पतीने १९६० च्या दशकात ते शोधलं, बाळंतपणातल्या रक्तस्रावाने जाणाऱ्या बायकांसाठी. पुढे २०१० मध्ये ४० देशांतल्या २०,२११ जखमींवर झालेल्या क्रॅश-२ या चाचणीत दिसलं की ते दिल्याने मृत्यू कमी होतात. या चाचणीत भारतातली इस्पितळंही होती. अट एकच: तीन तासांच्या आत. उशिरा दिलं तर फायद्याऐवजी तोटा होऊ शकतो. आपल्या रस्त्यांवर तीन तास कुठे जातात हे आपल्याला माहीत आहे, म्हणून ते गाडीतच द्यायची सोय आणि परवानगी असावी असं मला फार वाटतं.

पाठीखालची फळी

बदललेली दुसरी गोष्ट. अनेक वर्षं नियम होता की प्रत्येक अपघातग्रस्ताला मानेला कॉलर आणि पाठीखाली लांब कडक फळी. हेतू चांगला होता, मणका हलू नये. पण शुद्धीवरच्या माणसाला त्या फळीवर तासभर आवळून ठेवलं की पाठ दुखते, कातडीवर दाबाच्या जखमा होतात, श्वास घ्यायला जड जातं, उलटी झाली तर वळता येत नाही. आता विचारपूर्वक करायला सांगतात. माणूस पूर्ण शुद्धीत आहे, प्यायलेला नाही, मानेच्या मधोमध दुखत नाही, हातापायात बधिरपणा नाही, लक्ष दुसरीकडे खेचणारी मोठी जखम नाही, तर फळीची गरज नसते. ज्याला गरज आहे त्याला स्कूप स्ट्रेचरने (दोन भागांत उघडून अंगाखाली सरकवायच्या स्ट्रेचरने) उचलून गाडीच्या गादीवर सपाट ठेवायचं. फळी ही ओढून बाहेर काढण्यापुरती.

हेल्मेट काढायला दोन माणसं लागतात. एक डोक्याच्या वरच्या बाजूला बसून हेल्मेट आणि डोकं स्थिर धरतो. दुसरा पट्टी सोडतो, मग एक हात जबड्याखाली आणि एक मानेमागे घालून डोक्याचा भार स्वतःकडे घेतो. त्यानंतर वरचा हेल्मेटच्या कडा फाकवून ते हळू बाहेर काढतो, नाकाशी अडकू नये म्हणून जरा मागे झुकवत. कोणाकडे कधी डोक्याचा भार आहे हे मोठ्याने बोलायचं: "माझ्याकडे आहे." "आता माझ्याकडे." गाडीवर दोघंच असतात, त्यामुळे यातला एक पायलट असतो. म्हणून पायलटला चहाच्या वेळेला बाहेर बसवून फक्त डॉक्टरांना शिकवायचं, हे मला मुळीच मान्य नाही. मी शिकवलेल्यांत सगळ्यात स्थिर हात एका पायलटदादांचे होते. वीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. डोकं धरलं की दगडासारखं धरत.

जास्त करणं म्हणजे चांगलं करणं नव्हे

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात एक मोठा अभ्यास झाला, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या ॲम्ब्युलन्स आधी फक्त मूलभूत उपचार करत. मग त्यांना घशात नळी टाकणं, शिरेतून द्रव देणं असं पुढचं प्रशिक्षण दिलं. आधीचे आणि नंतरचे गंभीर जखमी तपासले. जगण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं: आधी ८१.८ टक्के, नंतर ८१.१. आणि खोल बेशुद्धीतल्या पेशंटमध्ये ते चक्क घटलं, ६० वरून सुमारे ५१ टक्क्यांवर.

हे वाचून मी पहिल्यांदा अस्वस्थ झाले, कारण हेच तर मी शिकवते. पण विचार करता त्यातून काय शिकवायचं ते ठरलं. रस्त्याच्या कडेला बसून केलेली प्रत्येक गोष्ट वेळ खाते, आणि आतला रक्तस्राव रस्त्यावर थांबत नाही, तो ऑपरेशन टेबलवर थांबतो. म्हणून गंभीर जखमीजवळ जास्तीत जास्त दहा मिनिटं थांबायचं. वाहणारं रक्त, श्वासमार्ग, छातीतली हवा, कंबरेचा पट्टा (कंबरेची मोडलेली हाडं जवळ आवळून धरणारा), बस. शिरेत सुई, बारीक जखमांची पट्टी, नाव-गाव-फोन, हे चालत्या गाडीत. मी वर्गात घड्याळ मोठ्या स्क्रीनवर लावते आणि नऊ मिनिटांनंतर स्ट्रेचर हललं नसेल तर शिट्टी वाजवते.

'गोल्डन अवर' हा शब्द बाल्टिमोरच्या आर. ॲडम्स काउली यांनी रूढ केला, आणि आपल्या मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने तो आला. साठाव्या मिनिटाला काही दार बंद होत नाही. काही जखमींना पाच मिनिटं असतात, काहींना पाच तास. महाराष्ट्रात प्रश्न वेगळाच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे ९५ किलोमीटरचा, दोन्ही टोकांना मोठी इस्पितळं. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, आणि त्यावरच्या कितीतरी टप्प्यांवरून शस्त्रक्रियेची सोय असलेलं इस्पितळ बरंच दूर आहे. जिथे पुढचा प्रवास तासाचा आहे, तिथे गाडीतल्या डॉक्टरला जास्त कौशल्यं लागतात. शहरातला नियम तिथे जसाच्या तसा लावता येत नाही. आणि जवळचं इस्पितळ की योग्य इस्पितळ, हा निर्णय पेशंट उचलतानाच घ्यावा लागतो. जिथे सर्जन नाही, रक्त नाही, तिथे अर्धा तास थांबून पुन्हा तीच गाडी पुढे न्यायची, यात माणसं जातात. श्वासच सांभाळता येत नसेल तर मात्र जवळचं.

निघताना इस्पितळाला फोन. तो कसा करायचा हेही शिकवावं लागतं. "मॅडम, फार सिरीयस आहे, लवकर तयारी ठेवा" यातून समोरच्याला काहीच कळत नाही. असं सांगायचं: "पुरुष, अंदाजे तीस. सव्वाआठला दुचाकी आणि ट्रकची धडक, वीस फूट फेकला गेला. उजव्या मांडीतून मोठा रक्तस्राव, कंबर दुखते, डोक्याला मार दिसत नाही. नाडी १३०, दाब ८५, बोलतोय पण गोंधळलेला. टुर्निके आठ अठ्ठावीसला, कंबरपट्टा, ट्रानेक्झॅमिक एक ग्रॅम. बारा मिनिटांत पोहोचतो." कसं घडलं, काय लागलं, आकडे काय, आपण काय केलं. अर्ध्या मिनिटात होतं, आणि तेवढ्यावर समोरचा सर्जन जिना उतरायला लागतो.

गाडी येईपर्यंत

हा लेख ॲम्ब्युलन्सवाल्यांबद्दल आहे, पण तिथे सगळ्यात आधी तुम्ही असणार, म्हणून एवढंच. १०८ ला फोन करताना रस्ता, दिशा आणि कडेच्या दगडावरचा किलोमीटर सांगा. वाहणारी जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि उचलून बघू नका. पाणी पाजू नका. हेल्मेट ओढू नका, श्वास घेता येत नसेल तर गोष्ट वेगळी. जळणारी गाडी किंवा भर वाहतूक असल्याशिवाय हलवू नका. पोलिसांच्या चौकशीची भीती बाळगू नका: मोटार वाहन कायद्याच्या १३४-अ कलमाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलेलं आहे, आणि नाव सांगण्याची सक्ती तुमच्यावर नाही.

शिकलेलं टिकतं का?

नाही, आणि याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. दोन-तीन दिवसांचा वर्ग होतो, प्रमाणपत्र भिंतीवर लागतं, आणि काही महिन्यांत हात विसरतो. छातीत सुई घालायची वेळ एखाद्या डॉक्टरवर वर्षभरात एकदाही येत नाही. एका ठिकाणी मी पुन्हा गेले तर सरावाचा पुतळा कपाटात कुलूपबंद होता, प्लास्टिकसुद्धा फोडलेलं नव्हतं, कारण "खराब झाला तर भरून द्यावा लागेल". खराब होईपर्यंत वापरावा यासाठीच तो दिलेला असतो. दर महिन्याला अर्धा तास, गाडीच्या मागे, त्याच डॉक्टरने त्याच पायलटबरोबर, गाडीतल्याच बॅगेतून सामान काढून सराव केला तर दोन दिवसांच्या वर्गापेक्षा जास्त उपयोग होतो. अंधारात एकदा करून बघावं. बॅगेतला टुर्निके कुठल्या कप्प्यात आहे हे तेव्हा कळतं.

आणि दुसरं, इस्पितळाकडून उलट निरोप. गाडीवरच्या माणसांनी पेशंट दारात सोपवला की पुढे काय झालं ते त्यांना कोणी सांगत नाही. आपण केलेलं बरोबर होतं की चूक, हे कळलंच नाही तर सुधारायचं कशावरून?

एका जोडीला ही सवय लागली. दुसऱ्या दिवशी वॉर्डात फोन करून विचारायची. एकदा त्यांच्या एका पेशंटचा एक्स-रे तिथल्या डॉक्टरांनी त्यांना मोबाइलवर दाखवला. पेशंट वाचला होता, पण कंबरेचा पट्टा चार बोटं वर बांधला गेला होता, बेल्टच्या जागी. तो बांधायचा असतो पँटच्या खिशात हात घातल्यावर बाजूला जे टणक हाड लागतं, त्याच्यावर. तरच मोडलेली कंबर जवळ येते, नाहीतर पोटच आवळलं जातं. पुढच्या महिन्यात मी गेले तेव्हा पायलटदादा गाडीला टेकून उभे होते, दोन्ही हात खिशात, आणि नव्या डॉक्टरला सांगत होते, "इथे. हे हाड लागतंय ना? इथेच."